पोटखराब्याचा धनी

जुन्नर-आंबेगावात दिवाळी येते तेव्हा पश्चिमेकडच्या खाचरांत भाताची कापणी चाललेली असते, नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात ऊस तोडीची वाट बघत उभा असतो आणि आणे पठारापासून लोणी-धामणीपर्यंतच्या माळावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. या दिवसांत दिवेलागण झाली की ओढ्याच्या अंगानं एक आवाज येतो. खोल, घुमणारा, दोन हिश्श्यांचा. पहिला आखूड, दुसरा लांबवलेला. मध्ये बराच वेळ शांतता आणि मग पुन्हा तोच. वस्तीवरच्या बायका पोरांना आत बोलावतात. बिबट्याच्या भीतीनं हल्ली तसंही अंधारात कोणी बाहेर थांबत नाही, पण या आवाजाची भीती बिबट्याच्या किती तरी आधीपासूनची आहे.

हा आवाज शृंगी घुबडाचा. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्याच्या विणीचा हंगाम. आपण आकाशकंदील लावतो त्याच सुमाराला नर आपली हद्द सांगू लागतो आणि मादी त्याला उत्तर देऊ लागते. पुणे जिल्ह्याच्या या उत्तरेकडच्या कोपऱ्यात हा पक्षी दुर्मीळ नाही. मात्र तो पाहिलेली माणसं दुर्मीळ आहेत.

पुण्या-मुंबईचे अनेक हौशी छायाचित्रकार आता केनिया-टांझानियाला जातात. सिंह, चित्ते, हत्ती यांच्या फोटोंत एखादा तरी फोटो एका मोठ्या राखाडी घुबडाचा असतो आणि दाखवणारा तिथे हमखास थांबतो. ते व्हेरोचं घुबड. आफ्रिकेतलं सगळ्यांत मोठं. उंची दोन फुटांच्या वर, आणि मोठ्या मादीचं वजन तीन किलोपर्यंत जातं. अंगावर बारीक लहरींची दुधी-राखाडी नक्षी, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना काळी महिरप, आणि डोळे मिटले की दिसणाऱ्या गुलाबी पापण्या. एवढ्या गंभीर चेहऱ्यावर तो गुलाबी रंग पाहून माणूस चकित होतो, आणि त्यानं व्हावंच. डच शास्त्रज्ञ टेमिंकनं १८२० साली या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि दुधासारख्या रंगावरून त्याचं नाव ठेवलं. सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत तो आहे. साळिंदराहून खूप लहान, पण तसाच काटेरी असा जाहक तो पकडतो आणि त्याची काटेरी कातडी सोलून टाकून आतलं खातो. त्याच्या बसण्याच्या झाडाखाली अशा कातड्या सापडतात. स्वतः घरटं बांधत नाही. गिधाडाचं, गरुडाचं किंवा दुसऱ्या मोठ्या पक्ष्याचं तयार घरटं वापरतो. अंडी बहुधा दोन, पण मोठं होतं ते बहुतेक वेळा एकच पिल्लू, आणि ते आईबापांच्या आसपास वर्षभर, कधी त्याहूनही जास्त राहतं.

हे सगळं ऐकताना मला दरवेळी वाटतं, की या घुबडासाठी माणूस विमानानं समुद्र ओलांडतो आणि त्याचा इतका जवळचा नातेवाईक नारायणगावच्या एसटी स्टँडपासून तासाभराच्या आत एखाद्या ओढ्याच्या दरडीवर बसलेला असतो. आफ्रिकेच्या घुबडाचं कौतुक करू नये असं मी म्हणत नाही. उलट त्या फोटोपुढे थांबणारी नजर आपल्या शिवारात वळावी, एवढ्यासाठी हा लेख.

आपलं शृंगी घुबड आकारानं त्याच्यापेक्षा लहान: लांबी पन्नास-पंचावन्न सेंटिमीटर, वजन एक ते दोन किलो, मादी नरापेक्षा मोठी. फ्रँकलिन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३१ साली त्याचं वर्णन केलं. पुढे बराच काळ ते युरोपातल्या मोठ्या घुबडाचीच एक उपजात मानलं जात होतं. आता ती स्वतंत्र जात आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत भारतीय उपखंड हेच तिचं घर.

मी त्याला नीट पाहिलं ते आंबेगावच्या पूर्व भागात. नेमकी जागा लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. सत्तरीच्या पुढचे एक शेतकरी सोबत होते. वस्तीवर सगळे त्यांना आबा म्हणतात. ओढ्याच्या वळणावर पलीकडच्या काठाला दीड-दोन पुरुष उंचीची उभी दरड होती. वर मुरूम, खाली पिवळसर पांढरी माती, मधूनमधून पावसानं कोरलेल्या खोबणी. आबांनी काठी वर न उचलता नुसत्या हनुवटीनं दाखवलं. “त्ये बघा, दरडीला पांढरं सांडलंय ना? त्याच्या जरा वर. दिसलं का?” मला दिसलं नाही. दुर्बिणीतूनही आधी माती दिसली, मग मातीवर पडलेली उन्हाची तिरीप, आणि मग त्या तिरपेच्या कडेला एकदम दोन नारिंगी डोळे. डोळे उघडले म्हणून पक्षी दिसला. तोवर तो समोरच होता.

एकदा दिसल्यावर मात्र नजर हटत नाही. पाठ पिवळसर तपकिरी, तिच्यावर गडद तपकिरी, जवळजवळ काळे पट्टे आणि ठिपके; कोरड्या मातीत ओल उतरल्यावर पडतात तसले रंग. छातीवर उभ्या रेघा, पोटाकडे त्या बारीक होत जातात आणि त्यांना आडव्या लहरी छेदतात. पाय पिसांनी झाकलेले, पार बोटांवरही पिसं. फक्त शेवटचं पेर आणि काळ्या नख्या उघड्या. डोक्यावर दोन शिंगं. ती शिंगंही नव्हेत आणि कानही नव्हेत, नुसते पिसांचे तुरे. कान खाली, चेहऱ्याच्या कडेच्या पिसांमागे दडलेले असतात. आम्ही थोडे पुढे सरकलो तसे तुरे ताठ झाले, अंग आक्रसलं, आणि रुंद पक्षी बघता बघता अरुंद, लांबट ढेकूळ झाला. परत मागे आलो तर तुरे सैलावले. डोळे अर्धे मिटले. पापण्या गुलाबी नव्हत्या, पण त्या अर्धमिटल्या डोळ्यांत राग किंवा अपशकुन यातलं काही दिसलं नाही. दिसली ती आपल्यावर ठेवलेली अत्यंत बारीक पाळत.

“माझ्या बापाच्या टायमापासनं हाय ते हितं,” आबा म्हणाले. “त्येच असंल असं न्हाय, त्याचं पोर असंल. पर जागा तीच.”

आबांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. ही घुबडं विणीची जागा सहसा बदलत नाहीत. वर्षानुवर्षं त्याच दरडीच्या त्याच खोबणीत, कड्याच्या कपारीत किंवा एखाद्या झुडपाच्या आडोशाला उघड्या जमिनीवर अंडी घालतात. काड्या नाहीत, गवत नाही, काहीच अंथरूण नाही. तीन-चार मळकट पांढरी, गोलसर अंडी थेट मातीवर. पहिलं अंडं घातल्यापासूनच मादी उबवायला बसते, त्यामुळे साधारण तेहेतीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतात ती पुढेमागे, आणि एकाच घरट्यात थोरलं आणि धाकटं यांच्या अंगात चांगलाच फरक दिसतो. उंदीर कमी असले तर धाकट्याचे हाल होतात. घरट्याजवळ कोणी आलं तर मोठा पक्षी कधी कधी पंख मोडल्याचं सोंग करून लांब लांब नेतो. पिल्लू मात्र कोपऱ्यात अडकलं की पंख पसरून, पिसं फुलवून, चोचीनं टकटक करत अंगापेक्षा तिप्पट मोठं होऊन दाखवतं. गावात घुबडाच्या अंगावर येण्याच्या ज्या गोष्टी सांगतात त्यातल्या बऱ्याच या दोन प्रसंगांतल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. आपण त्याला पाहतो ते त्याच्या बाळंतघरात शिरून, आणि मग त्याचा चेहरा भयंकर होता असं घरी येऊन सांगतो.

त्या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण घुबडाची सगळी बदनामी त्याच्या चेहऱ्यावरून झाली आहे. इतर पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, घुबडाचे समोर. म्हणून ते माणसासारखं वाटतं आणि म्हणूनच दचकवतं. पण समोरच्या दोन डोळ्यांनी अंतर अचूक कळतं, आणि अंधारात उंदरावर झेप घ्यायची तर अंतर चुकून चालत नाही. डोळे एवढे मोठे की ते गोल राहिलेच नाहीत, नळीसारखे लांबट झाले. भोवती हाडांचं कडं बसलं, आणि त्यामुळे डोळा खोबणीत फिरेनासा झाला. मग मान फिरू लागली. माणसाच्या मानेत सात मणके, घुबडाच्या मानेत चौदा. दोनशे सत्तर अंशांपर्यंत ती वळते. जे आपल्याला करणी वाटतं ते डोळे न हलण्यावरचं उत्तर आहे.

चेहऱ्याची तबकडी ऐकण्यासाठी. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची महाकाय दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी गोळा करतात. त्याच शिवारात रात्री आणखी एक तबकडी काम करत असते, ती पिसांची, आणि ती पाचोळ्याखालची खसफस गोळा करते. गव्हाणी घुबडाची तबकडी याहून पूर्ण, त्याचे कानही वरखाली बसवलेले. निव्वळ आवाजावर मिट्ट काळोखात ते उंदीर पकडतं. शृंगी घुबडाची तबकडी तितकी रेखीव नाही, ते डोळ्यांवर जास्त विसंबतं, म्हणून संधिप्रकाशात त्याची शिकार जोरात चालते. पंखांच्या पुढच्या कडेला बारीक दातेरी झालर असते, वरचा भाग मखमलीसारखा मऊ असतो. हवा फाटत नाही आणि आवाज होत नाही. आबांच्या खळ्यावर बसलो असताना ते डोक्यावरून गेलं तेव्हा मला फक्त चांदण्या क्षणभर विझल्यासारख्या वाटल्या.

जाण्याआधी ते दरडीच्या माथ्यावर येऊन बसलं होतं आणि ओरडलं होतं. प्रत्येक हाकेला गळ्याखालचा पांढरा पट्टा फुगायचा आणि पुन्हा पिसांत लपायचा. अंधार पडत असताना तेवढाच पांढरा ठिपका उघडमिट करत होता, आणि पलीकडच्या टेकाडावरून बारीक उंच सुरात उत्तर येत होतं. या पक्ष्याला अभद्र म्हणणाऱ्या माणसानं हा प्रसंग एकदा पाहावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरडीखालच्या खडकावर आम्हाला त्याच्या ओकाऱ्या मिळाल्या. घुबड भक्ष्य गिळतं; न पचलेले केस, हाडं, पिसं यांची लांबट गोळी होऊन ती तोंडावाटे बाहेर टाकतं. वाळली की तिला वास येत नाही. वर्तमानपत्रावर ठेवून पाण्याचे चार थेंब टाकून चिमट्यानं उकलली. आधी राखाडी केसांचा पुंजका. मग बरगड्या, सुईच्या टोकाएवढ्या. मग खालच्या जबड्याचा अर्धा भाग आणि त्यात बसलेला लांब, वाकडा, समोरून केशरी रंगाचा दात. उंदराच्या कुळाची ही खूण पक्की. दुसरी कवटी निघाली, तिसरा जबडा निघाला, आणि तळाशी खेकड्याच्या नांगीचा तुकडा. एका ओकारीत एका रात्रीचा हिशेब.

असा हिशेब पश्चिम महाराष्ट्रात शास्त्रशुद्ध मांडला गेला आहे. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि शास्त्रज्ञ नीलेश डहाणूकर यांनी या घुबडाच्या आहाराचा आणि त्याच्या शेतीतल्या महत्त्वाचा अभ्यास केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. वटवाघळं, पक्षी, सरडे, साप, बेडूक, खेकडे, विंचू, किडे असं सगळं या घुबडाच्या खाण्यात आढळलं, पण भर कृंतकांवर, आणि त्यातही शेताची नासधूस करणाऱ्या घुशी-उंदरांवर. पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांच्या जागा, विणीचं यश, पिल्लांचं मोजमाप घेऊन वय ठरवण्याची पद्धत असं बरंच काम या एका पक्ष्यावर केलं. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये घुबड महोत्सव भरला. शाळकरी मुलांनी घुबडं रंगवली, नाटुकली केली. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस, जागतिक घुबड परिषद सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात झाली. ज्या जिल्ह्यात घुबडाचं नाव घ्यायला लोक कचरतात तिथे जगभरातले घुबडांचे अभ्यासक जमले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

घूस काय करते ते जुन्नरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ती उभा ऊस बुडापाशी कुरतडते, बांध पोखरते, पाटाचं पाणी भलतीकडे फोडते आणि कणसं ओढून बिळात कोठार करते. आता या कोपऱ्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बघा. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात घोड नदीवर डिंभे, ज्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. कालवे निघाले. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आला. निवृत्तीनगरला विघ्नहर, पारगावला भीमाशंकर असे कारखाने उभे राहिले. बारमाही हिरवा आडोसा आणि बारमाही खाणं मिळाल्यावर उंदीर-घुशी वाढल्या. उसाच्या आडोशाला बिबट्यांनी पिल्लं घातली, आणि त्यातून माणसांचे बळी गेले, बिबट्यांचे गेले. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. त्या संघर्षानं जुन्नर वनविभागाचं नाव देशभर झालं. त्याच बदललेल्या शिवारात घुबड मात्र मुकाट्यानं माणसाच्या बाजूनं उभं राहिलं. त्यानं कोंबडी क्वचित नेली असेल. बाकी रात्रभर ते आपल्या शेतात आपलं काम करतं. त्याची बातमी होत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याच्यासाठी कुठलं केंद्र किंवा योजना नाही.

उंदरावरचा दुसरा उपाय बाजारात मिळतो. झिंक फॉस्फाईडचं आमिष ताबडतोब मारतं. रक्त गोठू न देणारी ब्रोमॅडिओलोनसारखी विषं सावकाश मारतात, आणि तीच जास्त घातक. कारण विष खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस झिंगत उघड्यावर फिरतो आणि घुबडाला तो सगळ्यांत सोपा सापडतो. विष त्याच्या यकृतात साठत जातं. उंदीर मेला, उंदीर खाणारंही गेलं, आणि पुढच्या हंगामात उरलेल्या उंदरांना मोकळं रान. हे गणित आबांना कोणी समजावलं नव्हतं. ते म्हणाले, “आम्ही त्या अंगाला औषध टाकीत न्हाय. का तं ते खाणार मंग.” त्यांच्या वडिलांनी घातलेली बंदी, ती ते पाळतात.

वडिलांनी ती घातली भीतीपोटी. घुबडाला दगड मारू नये, हे आपल्याकडे खेडोपाडी सांगतात: ते दगड झेलतं, नेऊन पाण्यात ठेवतं आणि पाण्यात दगड झिजत जाईल तसा मारणारा झिजत जातो. त्याच्या समोर कोणाचं नाव घेऊ नये, ते नाव धरून ठेवतं. घरावर बसलं तर कोणी तरी जाणार. या समजुतींनी घुबडाचं नुकसान केलं हे खरं, पण दगडाच्या गोष्टीनं त्याला किती तरी दगडांपासून वाचवलंही आहे. समजूत मोडायला निघालेल्या माणसानं हे लक्षात ठेवावं. भीती काढून घेतली आणि तिथे काहीच ठेवलं नाही, तर मोकळा हात दगडाकडे जायला वेळ लागत नाही. भीतीच्या जागी ओळख ठेवावी लागते. पिंगोरीनं मुलांच्या हाती रंग दिले ते त्यासाठी.

लक्ष्मीचं वाहन म्हणून घुबडाला मान देणारी परंपरा आपल्यापेक्षा बंगालात आणि उत्तरेत जास्त आहे, आणि दुर्दैव असं की त्याच मानापोटी लक्ष्मीपूजनाच्या आसपास त्याचा बळी देणारेही आहेत. ट्रॅफिक इंडिया या संस्थेसाठी अबरार अहमद यांनी केलेला घुबडांच्या चोरट्या व्यापाराचा अहवाल २०१० साली दिवाळीच्या तोंडावर प्रसिद्ध झाला. देशातल्या तीसेक जातींपैकी निम्म्या जाती त्या बाजारात सापडल्या होत्या, आणि मांत्रिकांची मागणी मोठ्या, शिंगवाल्या घुबडांना विशेष होती. ज्या तुऱ्यांनी त्याला मातीत लपता येतं त्याच तुऱ्यांनी त्याची किंमत वाढवली. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादी लागलेली माणसं मांडूळ शोधतात तशी घुबडही शोधतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला कैद आहे. मी जागा लिहीत नाही ते यासाठी. आणखी एक कारण फोटोवाल्यांचं: विणीच्या दिवसांत दरडीसमोर रोज गाड्या थांबल्या, फ्लॅश मारले, तर मादी अंड्यांवरून उठते, आणि उन्हात उघडी पडलेली अंडी वाया जातात.

पण विष, मांत्रिक, कॅमेरे यांहून मोठा धोका मला वेगळाच वाटतो. तो दरडीचा आहे.

झाड तोडलं तर निदान कोणी तरी ओरडतं. ओढ्याची उघडी, उभी, बोडकी दरड गेली तर कोणाला काही गेल्यासारखं वाटतच नाही. सातबाऱ्यावर ती पोटखराब्यात असते. पिकाखाली न येणारी जमीन. मुरूम हवा असला की पहिला बुलडोझर तिथे लागतो. रस्त्याला मुरूम, पोल्ट्रीच्या पायाला मुरूम, शेततळ्याच्या बांधाला मुरूम. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं आणि ओढ्यांचं खोलीकरण-रुंदीकरण गावोगाव झालं. पाणी अडलं, विहिरींना उतरलं, त्याचं समाधान मलाही आहे. पूर्व भागातल्या उन्हाळ्याची झळ ज्यानं पाहिली आहे तो पाण्याच्या कामाला नावं ठेवणार नाही. पण जेसीबी ओढ्यात उतरला की तो दोन्ही काठ सरळ रेषेत उतरते करून टाकतो. उतरत्या काठावर कोल्हा, कुत्रं, मुंगूस सगळेच चढू शकतात. घुबडाला हवी असते उभी भिंत: खालून कोणी चढू नये, वरून कोणी उतरू नये, आणि पुढ्यात मोकळं रान दिसावं. पिढ्यान्‌पिढ्यांची खोबण एका दुपारी जाते.

गव्हाणी घुबडासाठी जगात अनेक ठिकाणी शेतांत लाकडी पेट्या लावतात; मलेशियातल्या पामतेलाच्या मळ्यांत आणि इस्रायलच्या शेतांत हा उपाय चांगला चालला. आपल्याकडेही तो करून बघावा, जुन्नरच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर गव्हाणी घुबडं आहेतच. शृंगी घुबड मात्र पेटीत जात नाही. त्याला दरड किंवा कडा लागतो. पश्चिमेला हडसर-चावंड-जीवधनच्या रांगेत काळ्या बेसॉल्टचे कडे उदंड आहेत, ते कोणी हलवू शकत नाही. बागायती आणि कोरडवाहू पट्ट्यात, जिथे उंदीर जास्त आणि घुबडाची गरजही जास्त, तिथे कडे नाहीत. तिथे त्याचा सगळा भार कुकडी, मीना, घोड आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या मातीच्या काठांवर आहे. जुन्या, बंद पडलेल्या दगडखाणींच्या भिंतींवरही ते राहतं. तीही आज गावाच्या हिशेबी ओसाड जागाच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उसाच्या फडाजवळ किंवा ओढ्यात मळकट पांढऱ्या लवेचं, मोठ्या डोळ्यांचं पिल्लू जमिनीवर बसलेलं सापडतं. पोरं ते उचलतात, कोणी खोक्यात घालून दूध पाजतात. घुबडाचं पिल्लू दूध पीत नाही आणि बहुतेक वेळा ते पडलेलं नसतंच. उडता येण्याच्या आधीच ही पिल्लं पायांनी घरट्याबाहेर पडतात, झुडपाखाली बसून राहतात आणि आईबाप तिथे येऊन त्यांना भरवतात. सहा महिन्यांपर्यंत ती त्यांच्यावर अवलंबून असतात. कुत्री जवळ नसतील तर त्याला तिथेच सोडावं. असतील तर जवळच्या उंच, आडोशाच्या जागी ठेवून लांब व्हावं. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं. दिवसा कावळे आणि कोतवाल एखाद्या झाडाभोवती गलका करत असतील तर तिथे मोठं घुबड बसलेलं असण्याची शक्यता असते. लांबून पाहावं, हुसकावू नये.

राहिला दरडीचा प्रश्न. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. या वह्यांत झाडं, औषधी वनस्पती, पिकांची वाणं, जनावरं लिहितात. दरडी लिहायला काही अडचण नाही. ओढ्याचं नाव, गट नंबर, काठ कुठल्या दिशेला, उंची साधारण किती, एवढं पुरे. ‘येथे घुबड राहते’ असं लिहू नये, वही कोणीही मागू शकतो. ‘मातीची उभी दरड, पक्ष्यांच्या विणीसाठी राखीव’ असं लिहावं. खंड्या आणि वेडे राघू अशाच दरडींत बिळं करून राहतात, तेव्हा ते खोटंही ठरत नाही. पुढे खोलीकरणाचा आराखडा ग्रामसभेत आला की त्यातलं एक वळण, एकाच काठाचा पन्नास-साठ फुटांचा तुकडा, सोडून द्यायला सांगता येतं. पाणी तेवढ्यानं कमी अडत नाही.

आबांच्या ओढ्याचं मोजमाप झालेलं आहे; वळणावर लाल रंगानं खुणा केल्या आहेत. त्यांनी तलाठ्याला आणि सरपंचांना सांगून पाहिलं आहे, की त्यांच्या बाजूचा काठ हवा तेवढा आत घ्या, पलीकडचा राहू द्या. त्यांच्या बाजूला त्यांची दीड गुंठा जमीन जाईल. सरपंच म्हणाले, लेखी द्या. आबांनी नातवाकडून अर्ज लिहून घेतला आहे, आणि घुबडाचा शब्द त्यात कुठे आलेला नाही.